अक्काची मजुरी

खूप खूप वर्षांपूर्वी, माणसं घोड्यांवरून आणि बैलगाड्यांतून प्रवास करत तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात गोंदाजी नावाचा माणूस राहत होता. त्याने लग्न केलं नव्हतं. घरात तो आणि त्याची विधवा थोरली बहीण, अशी दोघंच. तिला सारा गाव अक्का म्हणे.

शेत असं त्यांना नव्हतं. उतारावरचं एक कुरण तेवढं होतं. पावसाळा सरला की अक्का विळ्याने गवत कापी, उन्हात पसरी, उलटंपालटं करी. वाळलं की पेंढ्या बांधून गंजी रची. गोंदाजी त्या पेंढ्या गाडीत भरून बाजाराला नेई.

त्याच्याइतकं स्वस्त गवत बाजारात कुणाचंच नसे. "तुला परवडतं कसं रे?" बाकीचे गवतवाले विचारत.

"न परवडायला काय झालं?" गोंदाजी म्हणे. "बी पेरायला नको, नांगर धरायला नको. येईल तो सगळा नफाच की."

आणि हे तो मनापासून म्हणे, बरं का. माणूस वाईट नव्हता. बाजारातून येताना अक्कासाठी आठवणीने गूळ-शेंगा आणी.

एका वर्षी ऐन कापणीच्या तोंडावर अक्काची कंबर धरली. तिला अंथरुणातून उठता येईना. गोंदाजीने कापणीपुरते मजूर लावले. स्वतः चुलीपाशी अडकला, त्यामुळे पसरलेलं गवत उलटायला कुणी राहिलं नाही. खालचं दमट राहून त्याला बुरशी लागली. उरलेलं त्याने नेहमीच्या भावाने विकलं आणि मजुरी भागवता भागवता सगळे पैसे संपले.

घरी येऊन तो अक्काच्या उशाशी बसला. "यंदा धंदा बुडाला, अक्का."

अक्काने त्याच्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "यंदा नाही, गोंदा. दरवर्षीच बुडत होता. मजुरी कुणाला द्यावी लागत नव्हती, म्हणून कळलं नाही. तू स्वस्तात विकत होतास ती माझी कंबर."

तिच्या आवाजात राग नव्हता. गोंदाजीला मान वर करता येईना. "कधी बोलली का नाहीस?"

"भावाच्या घरी राहते. बसून कसं खायचं, असं वाटायचं."

पुढच्या वर्षी गोंदाजीने कापणीची मजुरी, गाडीची झीज, भिजून वाया जाणारं गवत, सगळं धरून भाव वाढवला. काही गिऱ्हाइकं तोडून बोलली आणि दुसरीकडे गेली. काही घोडेवाले मात्र राहिले. त्यांना कोरडं, स्वच्छ गवत हवं होतं. उभ्या चढावरचं गवत कापणं महाग पडे, ते त्याने गावच्या गुरांना मोकळं सोडलं. गाड्या कमी गेल्या, पण गाठीला चार पैसे उरू लागले.

अक्का हळूहळू हिंडू-फिरू लागली, पण तिची कंबर पुरती सरळ झाली नाही. आता ती बसल्या जागी गवत हाताने चाचपून ते नीट वाळलं का, एवढंच सांगे.

त्या वर्षीच्या पहिल्या बाजाराहून आल्यावर गोंदाजीने तिच्या हातावर पैसे ठेवले.

"हे काय, नफा झाला?" तिने विचारलं.

"ही तुझी मजुरी, अक्का," तो म्हणाला. "नफा झाला का, ते आता मोजतो."

तात्पर्य: ज्या हिशेबात घरच्या माणसाचे कष्ट धरलेले नसतात, त्यातला नफा खरा नसतो.