महाराजांचा उजवा कान

“बुवा, उद्या दरबारात अशी चाल ऐकवा, जी कुणाचीच नाही! गुरूची नको, कीर्तनातली नको, जात्यावरची नको. एक जरी सूर उसना सापडला, तर नाटक मंडळीसकट संस्थानाबाहेर!”

भाळेगडच्या तोलाजीमहाराजांचा हा हुकूम ऐकून संगीत नाटकांना चाली लावणारे नरहरबुवा पांढरेफटक पडले.

“सरकार, कैलासवासी अंतोबाबुवांच्या पायाशी मी बारा वर्षं काढली.” गुरूंचं नाव घेताच गवयांच्या रिवाजाप्रमाणे बुवांचा हात कानाच्या पाळीला गेला. “कानडी मुलखात हिंडलो, पलटणीचा बँड ऐकला, बायकांच्या ओव्या ऐकल्या. हे सगळं वजा केलं तर माझ्या गळ्यात उरतं काय? खोकला!”

“सबबी नकोत! आम्ही कुणाकडे शिकलो? गाणं आमच्या रक्तातच आहे!”

दिवाणजींनी लगेच मान डोलावली. त्यांची मान त्याच कामाला ठेवलेली होती.

नाटकाचे धुतलेले शालू घेऊन आलेली येसू परटीण दाराशी उभी होती. मंडळी गेली तर तिची चूल विझणार, म्हणून ती जीव मुठीत धरून ऐकत होती. मघाशी तिला एक गंमत दिसली होती. अंतोबाबुवांचं नाव निघताच महाराजांचाही हात कानाकडे निघाला होता, आणि अर्ध्या वाटेत पगडी सारखी करू लागला होता. कुणाकडेच न शिकलेला माणूस म्हणे!

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. बुवांना तंबोरासुद्धा धरवेना. येसूच पुढे झाली.

“सरकार, बुवांस्नी चाल काय गावली न्हाई. कुणाचीच नसलेली चाल अख्ख्या मुलखात एकाच गळ्यात हाय. तुमच्या!”

महाराज फुगले आणि डोळे मिटून गायला लागले. झुंबरावरचं कबुतर उडून गेलं. दिवाणजींनी तान संपायच्या आधीच “वाहवा!” करून टाकलं.

“अगं बया!” येसू ओरडली. “हुबेहूब अंतोबाबुवा!”

महाराजांचा हात सटकन वर गेला आणि त्याने उजव्या कानाची पाळी घट्ट धरली. सरकारांची लाज झाकायला दिवाणजींनी घाईघाईने स्वतःचा कान धरला. त्यांचं पाहून खजिनदारांनी धरला, मग सरदारांनी. शाळेतल्या वांड पोरांसारखा सगळा दरबार कान धरून बसला.

“सरकार,” येसू म्हणाली, “समद्यांचे कान एकदम ठणकाय लागले, का समदेच अंतोबाबुवांचे चेले?”

महाराजांनी एकवार दरबारावर नजर फिरवली. आधी ते लाल झाले, मग त्यांचं पोट गदगदा हलू लागलं.

“आठ वर्षं शिकलो गं त्यांच्याकडे, माडीचं दार लावून! दिवाणजी, सोडा तो कान! बुवा, मंडळी इथंच राहील. आणि या परटिणीला जरीचा शालू द्या!”

शालू हातात पडताच येसू तो उलटसुलट करून पाहू लागली.

“अगं, डाग काय शोधतेस? धुवायला नाही, नेसायला दिलाय!”

“ते कळलं, सरकार. पर कोरा हाय, का कुणाचा उतरलेला, तेवढं बघून घेते!”

महाराज इतके हसले, इतके हसले, की शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले.