लहूची उचललेली जीप

"...मग आता तरी सांगा उस्ताद, सरळ उभी आहे का नाही?"

दस्तगीर उस्तादांनी आधी बशीतला चहा संपवला.

विचारणारा दिग्विजय. उस्तादांच्याच हाताखाली शिकलेला. हात चांगला, आणि जीभ हाताच्या एक पाऊल पुढं. उस्ताद त्याला दिग्या म्हणायचे आणि चारचौघांत दिग्या म्हटलेलं त्याला अलीकडं खपत नव्हतं.

समोर लहू गुरवाची जीप उभी होती, चारी चाकांना जोर मिळणारी. लहू आंबेघोलहून वडाप करायचा. डोंगरातली माणसं सकाळी खाली बाजाराला, दवाखान्याला आणायची आणि दुपारनंतर वर सोडायची, हा त्याचा धंदा. वाटेत दगड असे, की जीपचं पोट खरवडून निघायचं. म्हणून त्यानं ती दिग्विजयकडं दिली होती. दिग्विजयनं पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, मागचे पाटे बदलले, टायर मोठे घातले आणि गाडी चांगली चार बोटं वर उचलली. काम एकट्यानं केलं, कुणाला हात लावू दिला नाही. काल संध्याकाळी गाडी लहूच्या ताब्यात दिली आणि आज सकाळची खेप खाली आणून लहूनं ती उस्तादांना दाखवायला उभी केली होती.

ह्या गॅरेजची एक रीत होती. शिष्यानं एकट्यानं केलेली गाडी बघून उस्ताद "ने" म्हणाले, की त्यानं स्वतःचं गॅरेज टाकायला मोकळीक. तोवर नाही. दिग्विजयनं जागा बघून ठेवली होती, पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. घोडं अडलं होतं ते ह्या एका शब्दापाशी.

त्यानं गवंड्याकडची लेव्हल आणली आणि जीपच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवली.

"बघा. बुडबुडा मधोमध. ह्या तालुक्यात अशी गाडी कुणी उभी करून दाखवावी."

उस्तादांनी वाकून बघितलं. बुडबुडा खरंच मधोमध होता. खोटं कशाला बोला?

"रिकामी मोजलीस?"

"रिकामीच मोजतात, उस्ताद."

उस्ताद लहूकडं वळले. "तुझी गाडी रिकामी कधी असती रं?"

लहू हसला. "राती दारात लावल्यावर."

दिग्विजयनं लेव्हल उचलून घेतली. "भरल्यावर मागं थोडी बसणारच. सगळ्याच बसतात."

"मग भर."

समोरच्या टपरीपाशी लहूची माणसं परत वर जायला पिशव्या घेऊन थांबली होती. दवाखान्याचा दिवस होता, त्यामुळं म्हातारी माणसंच जास्त. लहूनं हाक मारली तशी ती उठून आली. सगळ्यांत पुढं अनसाबाई. तिचे गुडघे कधीचेच गेलेले.

तिनं दाराची दांडी धरली. पाय उचलला. पाय पोचला नाही.

पुन्हा उचलला...

"माजंच वय झालं बाबा," ती म्हणाली आणि ओशाळून हसली. चूक आपलीच आहे असं तिला वाटत होतं.

उस्तादांनी दाराखाली बघितलं. "हितली पायरी कुठं गेली?"

"काढली," दिग्विजय म्हणाला.

"का?"

"दगडाला अडकत होती. आणि..."

"आणि?"

"उचललेल्या गाडीला पायरी शोभत नाही, उस्ताद."

लहू खाली बघत बोलला, "म्या इचारलं हुतं, आजी कशी चढंल म्हणून. हे म्हनले, दोघांनी उचलून आत घ्यायचं."

"आवो, घेतलं की सकाळी," अनसाबाई मध्येच म्हणाली. तिला कुणाचं भांडण नको होतं. "पोत्यावानी टाकलं आत. त्याचं काय न्हाई. निस्तं बाप्यांनी काखंत हात घातला, की कसंतरीच हुतं." तिनं पदर सारखा केला.

उस्तादांनी टोपी काढून दिग्विजयच्या हातात दिली. मग गाडीच्या दाराशी, तेलानं काळ्या पडलेल्या मातीत, त्यांनी आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग दोन्ही हात. सत्तरीच्या माणसाला वेळ लागला.

"बाई, पाय द्या."

अनसाबाई मागं सरली. "नगं गं बाई... उस्ताद, तुमच्या पाठीवर पाय? मला नरकातबी जागा मिळायची न्हाई."

"द्या. उशीर हुतोय तुमाला."

ती हलली नाही. उस्तादही हलले नाहीत. पाठ तशीच धरून राहिले.

दिग्विजयच्या हातात टोपी होती. ती ठेवावी कुठं हे त्याला कळेना. ज्या माणसानं त्याला पाना धरायला शिकवला, तो त्याच्या गाडीपुढं गुरासारखा ओणवा झाला होता आणि समोरची सगळी टपरी बघत होती. त्याला अशी लाज वाटली, की धरणीनं पोटात घ्यावं.

"उठा, उस्ताद."

उस्ताद उठले नाहीत.

"पाया पडतो तुमच्या, उठा की..."

शेवटी टोपी बॉनेटवर ठेवून तो स्वतःच खाली बसला. नवा शर्ट, इस्त्रीची पँट, काही बघितलं नाही. हातांवर ओणवा झाला आणि खांद्यानं रेटून उस्तादांच्या जागेत शिरला. उस्ताद दाराला धरून हळूहळू उभे राहिले.

अनसाबाईनं चपला काढल्या. पाय त्याच्या पाठीवर ठेवला. भेगाळलेली टाच त्याला शर्टातून टोचली. वजन काही फार नव्हतं. दवाखान्याच्या वाऱ्या करून करून बाईत काय राहिलं होतं? पण तिचा पाय थरथरत होता आणि ते थरथरणं त्याच्या पाठीत उतरत होतं.

"दुकतंय का रं लेकरा?" तिनं वरून विचारलं.

त्याच्या डोळ्यांतून मातीत टपटप पडायला लागलं. बरं झालं, तोंड खाली होतं.

ती आत बसली. गाडी मागून जराशी दबली. ते कुणी मोजलं नाही.

"चुकलो, उस्ताद," तो खालूनच म्हणाला. "पायरी लावतो. आत्ताच्या आत्ता लावतो. म्हणत असाल तर गाडीपण खाली घेतो."

"खाली कशाला? वाटंतलं दगड तू काढलंस?"

"मग काय करू?"

उस्तादांनी बॉनेटवरची टोपी घेऊन डोक्यावर घातली. दिग्विजयनं हात झाडले आणि उठायला लागला.

"उठतोस कुठं?" उस्ताद म्हणाले. "मागं अजून माणसं उभी हाईत."