बुरशी गोधडी सोडेना

समुद्राकाठी एक शहर होतं. तिथे पाऊस लागला, की लागलाच. मिठाला पाणी सुटायचं. बिस्किटं मऊ पडायची. दोरीवरचे मोजे वाळायचेच नाहीत.

त्या शहरात एक उंच इमारत. इमारतीत एक घर. घरात एक मोठ्ठं लाकडी कपाट. आणि कपाटामागे एक उंदरी. एवढीशी! तिचं नाव टिकली.

टिकलीला एक भाऊ होता. तिच्याहूनही एवढुस्सा. त्याचं नाव बटण.

त्यांना आई नव्हती. आईची गोधडी होती. दोघं गोधडीत शिरायची आणि गुडुप्प झोपायची.

एके दिवशी काय झालं? गोधडीवर आला एक काळा ठिपका. मग अजून एक. मग ठिपकेच ठिपके!

ती होती बुरशी. तिने गोधडी भिंतीला चिकटवून टाकली. घट्ट!

टिकलीने ओढली. हुश्श! पुन्हा ओढली. हुश्श! गोधडी काही निघेना.

बटण गार फरशीवर कुडकुडला. आणि खोकला. खुक्क खुक्क!

"ताई, गोधडी..."

"आणते हं, राजा."

टिकली बुरशीला म्हणाली,

"बुरशीबाई, बुरशीबाई, गोधडी सोड ना!"

बुरशी म्हणाली, "मी नाही सोडत. ओल मला आवडते. भिंत वाळली, तर मी सोडीन."

टिकली भिंतीकडे वळली.

"भिंतीबाई, भिंतीबाई, वाळ ना!
बुरशी गोधडी सोडेना,
आणि बटण खोकतो खुक्क खुक्क!"

भिंत म्हणाली, "मी कशी वाळू? वरून पाणी येतंय. पाइप थांबला, तर मी वाळेन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. भिंतीतून वर, वर, वर. तिथे होता पाइप. टिप् टिप्! टिप् टिप्!

"पाइपदादा, पाइपदादा, थांब ना!
भिंत वाळेना,
बुरशी गोधडी सोडेना,
आणि बटण खोकतो खुक्क खुक्क!"

पाइप म्हणाला, "मी कसा थांबू? मला पडलीय चीर. प्लंबर आले, तर मी थांबेन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. जिने उतरली, फाटकाशी गेली. तिथे प्लंबर दिलावरकाका चहा पीत बसले होते. फुर्र फुर्र!

"प्लंबरकाका, प्लंबरकाका, या ना!
पाइप थांबेना,
भिंत वाळेना,
बुरशी गोधडी सोडेना,
आणि बटण खोकतो खुक्क खुक्क!"

दिलावरकाका म्हणाले, "मी कसा येऊ? पाइप आहे नाडकर्णीकाकूंच्या न्हाणीघरात. त्या मला आत घेत नाहीत. काकूंनी दार उघडलं, तर मी येईन."

टिकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पुन्हा जिने. एवढे मोठे जिने आणि एवढेसे पाय! वरच्या मजल्यावर पोचली, तेव्हा तिची शेपटी लोंबत होती. दाराच्या फटीतून ती ओरडली,

"नाडकर्णीकाकू, नाडकर्णीकाकू, दार उघडा ना!
प्लंबर येईनात,
पाइप थांबेना,
भिंत वाळेना,
बुरशी गोधडी सोडेना,
आणि बटण खोकतो खुक्क खुक्क!"

आतून काकू म्हणाल्या, "मी नाही उघडत! माझ्याकडे कुठे गळतंय? गळतंय ते खाली. आणि इथल्या फरश्या नव्या आहेत, प्लंबर त्या फोडतील. सेक्रेटरींनी सांगितलं, तर मी दार उघडीन."

टिकली निघाली. तुरुतुरु... तुरु... तुरु... दमली बिचारी. सेक्रेटरी पेडणेकरकाका ऑफिसात पंख्याखाली बसले होते. घर्र घर्र पंखा!

"सेक्रेटरीकाका, सेक्रेटरीकाका, सांगा ना!
काकू दार उघडेनात,
प्लंबर येईनात,
पाइप थांबेना,
भिंत वाळेना,
बुरशी गोधडी सोडेना,
आणि बटण खोकतो खुक्क खुक्क!"

पेडणेकरकाकांनी जांभई दिली. "बघू, बघू. पुढच्या मीटिंगमध्ये बघू. मला तर कोणी काही बोललं नाही. तुमच्या घरच्या अनघामावशींनी बुरशी बघितली, मला येऊन सांगितलं, तर मी काकूंना सांगीन."

टिकली घरी आली. तुरु... तुरु... अनघामावशी नाक मुरडत अगरबत्ती लावत होत्या.

"अनघामावशी, अनघामावशी, बघा ना!
सेक्रेटरी सांगेनात,
काकू दार उघडेनात,
प्लंबर येईनात,
पाइप थांबेना,
भिंत वाळेना,
बुरशी गोधडी सोडेना,
आणि बटण खोकतो खुक्क खुक्क!"

अनघामावशी म्हणाल्या, "वास येतोय गं, कुबट वास. पण बुरशी कुठे आहे? समोर तर कपाट! ते मला एकटीला हलत नाही. कपाट सरकलं, तर मी बघीन."

टिकली कपाटापाशी आली. मान वर करून बघितलं. केवढं उंच!

"कपाटआजोबा, कपाटआजोबा, सरका ना!
मावशी बघेनात,
सेक्रेटरी सांगेनात,
काकू दार उघडेनात,
प्लंबर येईनात,
पाइप थांबेना,
भिंत वाळेना,
बुरशी गोधडी सोडेना,
आणि बटण खोकतो खुक्क खुक्क!"

कपाट म्हणालं, "मी नाही सरकत. माझ्या पोटात साड्या. माझ्या डोक्यावर बॅगा. मी आहे तिथे बरा आहे."

"मग मी आता कोणाकडे जाऊ?"

"कोणाकडे नाही," कपाट म्हणालं. "मला सरकवणारं कोणी नाही."

कोणीच नाही.

टिकली कपाटामागे गेली. बटण डोळे मिटून पडला होता. आता तो जोरात खोकतही नव्हता. हळूच, खुक्क.

"ताई, आणलीस गोधडी?"

"नाही रे."

"मग उद्या आणशील?"

 टिकलीने बटणला कुशीत घेतलं. तिची कूसही गार होती. डोळ्यांतून पाणी आलं. टपक टपक. बाहेर पाऊसही पडत होता. टपक टपक. बुरशी मात्र खूश. अजून थोडी पसरली.

रडून रडून टिकली दमली. मग तिने नाक पुसलं.

बुरशीला विचारून झालं. भिंतीला विचारून झालं. पाइपला, प्लंबरला, काकूंना, सेक्रेटरींना, मावशींना, कपाटाला. सगळ्यांना विचारून झालं. आता विचारायला कोणी उरलंच नव्हतं.

उरली होती टिकली. आणि टिकलीला होते दात.

टिकली कपाटाच्या पायाशी गेली आणि लागली कुरतडायला. कुर्रम् कुर्रम्! पाय जाड. दात छोटे. कुर्रम् कुर्रम्! दात दुखले. कुर्रम् कुर्रम्! हिरडी सोलली. टिकली थांबली नाही.

"अगं अगं अगं!" कपाट ओरडलं. "काय करतेस? पडेन ना मी!"

"मग सरका!"

"अगं, माझा पाय!"

"मग सरका!"

कुर्रम् कुर्रम्! कुर्रम् कुर्रम्!

"सरकतो बाई, सरकतो!"

आणि कपाट सरकलं. घर्रर्र... ढुम्म!

कपाट सरकलं, तशी मावशींनी बघितली बुरशी. "अगं बाई! केवढी ही!"

मावशी धावल्या सेक्रेटरींकडे. "आत्ताच्या आत्ता चला! डोळ्यांनी बघा!" सेक्रेटरींनी बघितलं आणि त्यांची जांभई पळाली.

सेक्रेटरींनी काकूंना सांगितलं, "काकू, दार उघडा. खालचं घर कुजतंय!"

काकू कुरकुरल्या. पण काकूंनी दार उघडलं. करकर!

दार उघडलं, तसे प्लंबर आले. खट् खट्! ठाक् ठाक्! एक फरशी फुटली. काकू म्हणाल्या, "हाय हाय!"

प्लंबर आले, तसा पाइप थांबला. टिप्... टि... बंद!

पाइप थांबला. आता भिंत वाळणार!

पण भिंत आज वाळली नाही. उद्याही वाळली नाही. मावशींनी समोर पंखा लावला. खिडकी उघडली. तरी भिंत ओली. बटण खोकला. टिकली रोज भिंतीला हात लावून बघायची. रोज ओली. टिकलीला वाटायचं, ही नाहीच वाळायची.

मग एका सकाळी टिकलीने हात लावला. हात कोरडा!

पुन्हा लावला. कोरडा!

भिंत वाळली, तशी बुरशी म्हणाली, "शी! इथे आता काही मजा नाही." आणि बुरशीने गोधडी सोडली. पटक्!

गोधडी खाली पडली. कडक झाली होती. एका कोपऱ्याला भोक पडलं होतं. काळे डाग तर गेलेच नव्हते. टिकलीने ती झटकली. फट् फट्! खिडकीत उन्हाची एक तिरीप आली होती, तिथे ओढत नेली. ऊन गेलं, की थांबायची. ऊन आलं, की पुन्हा पसरायची.

मग तिने गोधडी बटणवर घातली.

"ताई, हिला आता आईचा वास येत नाही," बटण म्हणाला.

टिकलीने हुंगून बघितलं. खरंच येत नव्हता.

"मग कसला येतो?"

बटणने नाक खुपसलं. हुं हुं हुं. "उन्हाचा!"

टिकली आत शिरली. बटण तिला चिकटला. टिकली कान देऊन ऐकत राहिली. खुक्क आला नाही. मग अजून ऐकलं. नाहीच आला.

बटण झोपला. टिकली झोपली. गोष्टीने घेतली गोधडी डोक्यावरून, आणि गोष्टही गुडुप्प!