एकवीस गालिच्यांखालचा डाग

एका राज्यात एक राजा होता, आणि तो इतका उंच बसत असे की शिंकला तर छताची हंडी हलत असे. नाव धीरकेतू. सिंहासन काही मोठे नव्हते. राजाही बेताचाच होता, आईला मोठा वाटे तेवढाच. उंची होती ती गालिच्यांची. दरबारात एकावर एक एकवीस गालिचे अंथरलेले. मानकरी शिडी लावून मुजऱ्याला चढत, आणि जे पोटाने थोर होते ते खालूनच मुजरा करत व वरून कोणी पाहिला नाही म्हणून रुसत.

आता एकवीस गालिचे कशाला? तर त्या राज्याची रीतच तशी. डाग पडला की काढायचा नाही. वर नवा गालिचा टाकायचा आणि ‘वा, काय नक्षी आहे’ म्हणायचे. हसू नका. तुमच्या घरी पाहुणे आले की उशी नेमकी गादीच्या त्याच कोपऱ्यावर का सरकते, हे आम्ही कधी विचारले आहे काय?

सगळ्यात खालचा गालिचा जादूचा होता. काळसूत नावाच्या मायावी विणकराने तो राज्याभिषेकाला आणून दिला. देताना त्याने एक अट सांगितली. पण नगारे वाजत होते, ती कोणाला ऐकू गेली नाही, आणि ‘पुन्हा सांगा’ म्हणणे दरबारी शिष्टाचारात बसत नव्हते. गेल्या दसऱ्याला त्या गालिच्यावर डाळिंबाचे सरबत सांडले. कोणी सांडले? सगळे छताकडे पाहू लागले. तेव्हा राजा म्हणाला, “हे फरासाचे काम.”

फरास म्हणजे गालिचे अंथरणारा, झाडणारा, गुंडाळून ठेवणारा. त्याचे नाव हैबती. राजाच्या तोंडून शब्द निघाला आणि संध्याकाळपासून हैबती कोणाला दिसला नाही. लोक म्हणाले, लाजेने पळाला. डागावर दुसरा गालिचा पडला. तिसऱ्या दिवशी डाग त्यातून वर आला. तिसरा पडला, त्यातूनही आला. असे वीस वेळा.

हैबतीची बायको ठमाबाई. ती म्हणे, “ज्याच्या चपला दरबाराच्या उंबऱ्याशी आहेत, तो अनवाणी पळालेला नाही. आमच्या ह्यांच्या टाचा राणीसाहेबांपेक्षा नाजूक. ते आतच आहेत.” लोक मान हलवत आणि तिला ताक देऊन वाटेला लावत.

एके दिवशी एकविसाव्या गालिच्यावर डाग उगवला आणि प्रधानाने बाविसावा मागवला. राजाने वर पाहिले. मुकुट आणि छत यांत एक विडा मावेल एवढीच जागा होती.

“बाविसावा आला तर मी कोठे जाऊ?” राजाने विचारले.

“महाराजांनी थोडे वाकून बसावे,” प्रधान म्हणाला.

उंबऱ्याशी नवऱ्याच्या चपलांजवळ बसलेली ठमाबाई खालून बोलली, “महाराज, मला फरासाचे काम द्या. हा ढीग काढते आणि डाग बघते.”

“डाग बघायचा असतो, असे तुला कोणी सांगितले?” प्रधान.

“न बघता काढायला मी काही प्रधान नाही.”

राजाला वाकून बसायचे नव्हते, म्हणून त्याने होकार दिला. शहाणपण पुष्कळदा मानेच्या दुखण्यातूनच येते.

वीस गालिचे निघाले. खाली जादूचा गालिचा दिसला. बाग होती, डाळिंबाचे झाड होते, फांदीवर साळुंकी होती. मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढा लाल डाग होता. आणि डागापासून चार बोटांवर, हातात खराटा घेऊन, लोकरीचा हैबती उभा विणलेला होता. मिशी तीच, नाकावरचा मस तोच.

ठमाबाई खाली बसली. रडली नाही. पदराने डाग पुसायला हात पुढे केला, तोच साळुंकी बोलली.

“हात लावू नकोस बाई. हा डाग ज्याचा आहे, त्यानेच टिपायचा. ही काळसूताची अट. ज्या दुसऱ्यावर तो ढकलला, त्याला गालिचा आत ओढतो. आता परका हात लागला की डाग पसरतो. तुझ्या नवऱ्याच्या पायाला पोचला, तर तो नुसता धागा होईल. मग मिशीसुद्धा परत मिळायची नाही.”

“डाग कोणाचा आहे, साळुंकीबाई?”

“मला ठाऊक नाही. काळसूताने मला पाठमोरी विणले. मी दरबार पाहिलेला नाही, आणि जे ऐकते त्यावरून काही बघायचे राहिले असेही वाटत नाही.”

“मग मी काय करू?”

“तीन कामे. आधी धूळ, मग तेल, मग डाग. धूळ आणि तेल तू काढ. क्रम मोडू नकोस.”

प्रधान लगेच पाण्याची घागर घेऊन आला. ठमाबाईने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः प्यायली. “धुळीवर पाणी ओतले की चिखल होतो, प्रधानजी. एवढे तर म्हशीलाही कळते, म्हणून ती मुद्दाम करते.”

पहिले काम धुळीचे. तिने गालिचा चौकातल्या दांडीवर टाकला, नक्षी आत, पाठ बाहेर, आणि वेताच्या छडीने पाठीवर झोडपू लागली. जादूच्या गालिच्याची धूळ, ती गप्प कशी पडेल? एकेक कण खाली पडे आणि त्याने जे ऐकले ते बोले. “सेनापती लढाईच्या दिवशी मामाकडे होते.” “राजवैद्य स्वतः आजारी पडले की शेजारच्या गावच्या वैद्याकडे जातात.” “प्रधानजींनी टरफले लोडाखाली सारली.” चौकात सगळे नगर जमले. ज्यांचे नाव येई ते खोकत, ज्यांचे आले नव्हते ते मोठ्याने हसत, आणि मग त्यांचे येई. दुपारी धूळ संपली, पण डाग कोणाचा ते मात्र कोणताही कण बोलला नाही. सरबत ओले होते, त्याची धूळ झालीच नव्हती.

दुसरे काम तेलाचे. समयांचे तेल आणि पंगतींचे तूप गालिच्यात इतके मुरले होते की वर माशी बसली तर घसरे. साळुंकी म्हणाली, “सात टेकड्यांपलीकडे एक राक्षसीण दळते. तिच्या जात्याचे पीठ तेल पिते. ते आण.”

ठमाबाई गेली. राक्षसीण जात्याशी बसली होती, एकेक दात पाट्याएवढा.

“माणूस दिसले की मी खाते,” राक्षसीण म्हणाली.

“खा बाई. पण मी फरासाच्या घरची. बारा वर्षे धूळ खाल्ली आहे. दातांत कचकच लागेल.”

राक्षसीण विचारात पडली. तिला दातांची फार काळजी होती.

“पीठ कशाला हवे?”

“तेलाचा डाग काढायला. तुमच्या चटईवरही आहे की. दाखवते.” तिने चटईवरच्या तुपाच्या डागावर मूठभर पीठ पसरले आणि हात मांडीवर ठेवून बसली.

“आता घास,” राक्षसीण म्हणाली.

“घासायचे नाही.”

“मग काय करायचे?”

“काही नाही. बसायचे.”

राक्षसिणीने आयुष्यात पर्वत फोडले होते, नद्या अडवल्या होत्या म्हणतात, पण काही न करता बसण्याचे काम तिला कोणी दिले नव्हते. दोघी उन्हे कलेपर्यंत बसल्या. पीठ पिवळे झाले, चिकटले, झाडल्यावर चटई कोरडी निघाली. राक्षसिणीने गोणीभर पीठ दिले आणि म्हणाली, “पुन्हा ये. बसू.” ठमाबाईने ते पीठ दरबारातल्या गालिच्यावर पसरले, एक दिवस थांबली, मऊ झाडूने झाडून घेतले. तेल गेले.

उरला डाग. ठमाबाईने झऱ्याचे थंड पाणी आणले, रिठ्याचा फेस केला, सुती फडक्यांची चवड लावली, आणि दरबाराला म्हणाली, “ज्याचा डाग आहे त्याने पुढे यावे. जो परत यायचा आहे तो माझा नवरा आहे. उगाच कोणी येऊ नका.”

पण दरबारी माणसाला ‘उगाच येऊ नका’ म्हणणे म्हणजे माशीला गुळाचा पत्ता सांगणे. प्रधानाने राजाकडे पाहिले, राजा जमिनीकडे पाहत होता. प्रधानाला वाटले, हीच वेळ मर्जी संपादण्याची. “डाग माझा,” असे म्हणून त्याने फडके टेकवले. डाग दोन बोटे सरकला. सेनापतीला वाटले, प्रधान पुढे गेला आणि आपण मागे. “छे, डाग आमचा,” म्हणून त्यानेही टेकवले. अजून एक बोट गेले. आता हैबतीच्या पायात आणि डागात बोटभर गालिचा उरला.

ठमाबाईने दोघांच्या हातातली फडकी काढून घेतली. मग ती ओणवी झाली आणि डागाची कड न्याहाळू लागली, जसा हैबती न्याहाळत असे.

“महाराज,” ती म्हणाली, “आमच्या घरात सासऱ्यांपासून एक शिकवण आहे. चालत्या माणसाच्या हातून सांडले की थेंबाला शेपूट येते. बसल्या माणसाच्या हातून सांडले की ओघळ पडतो. आणि उंचावरून पडले की थेंब गोल फुटतो, कडेला काटे येतात, शेवंतीच्या फुलासारखे. हे सगळे थेंब शेवंती आहेत. त्या दिवशी हा ढीग नव्हता, तरी सिंहासनाच्या उंचीवर एकच जण बसले होते.”

कोणी श्वास घेतला नाही. प्रधानाने घेतला होता, तो तसाच धरून ठेवला.

“राजाने गुडघे टेकायचे?” राजाने हळूच विचारले.

“डाग खाली आहे, महाराज. तो तुमच्या भेटीला वीस वेळा वर आला. आता तुमची पाळी.”

 राजाने मुकुट काढून मांडीवर ठेवला. “प्रधानांनी चुटका सांगितला होता,” तो म्हणाला. “चुटका भिकार होता, पण मी घोट घेता घेता हसलो. पेला हातातून गेला. राजाच्या हातून पेला पडतो हे मला सांगवेना. फरास समोर उभा होता. डाग माझा आहे.”

तो उतरला, गुडघ्यांवर बसला, फडके घेतले आणि खसाखसा घासू लागला. राजाचा हात, सगळे जोराने होते असे वाटणारा. डाग अर्धे बोट पुढे गेला. ठमाबाईने राजाचे मनगट धरले. राजाचे मनगट धरायची त्या राज्यात शिक्षा होती. ती कोणती, हे त्या क्षणी कोणालाच आठवले नाही.

“घासू नका, महाराज. टिपा. फडके ठेवा, तळवा दाबा, उचला. कडेकडून आत या, मधून बाहेर जाऊ नका. फडके लाल झाले की दुसरे घ्या.”

“किती वेळ?”

“डागाला वाटेल तेवढा.”

राजाने ठेवले, दाबले, उचलले. थंड पाणी, फेस, कोरडे फडके. पुन्हा थंड पाणी. सकाळची दुपार झाली. राजाची कंबर धरली, तरी तो उठला नाही. चाकाचे ताट झाले, ताटाची वाटी झाली, वाटीचे डाळिंब झाले, डाळिंबाचा एक दाणा उरला. राजाने त्या दाण्यावर फडके ठेवले आणि म्हणाला, “हैबती, माझे चुकले.” फडके उचलले. खाली नुसते हिरवे गवत विणलेले होते.

गालिचा एकदा उंच फुगला, जसा वाऱ्याने तंबू फुगतो, आणि हैबती त्यातून बाहेर आला. मिशीत लोकरीचे दोन धागे. बाहेर येऊन त्याने पहिल्यांदा पाठ चोळली.

“अगं,” तो म्हणाला, “छडी जरा हळू मारायची.”

“गालिचा पाठीवरच झोडतात. तुम्हीच शिकवले आहे.”

“शिकवले होते खरे. आत कोणी नसताना.”

ठमाबाई तेव्हा रडली. सगळे इकडेतिकडे पाहू लागले, आणि या वेळी छताकडे पाहणे शोभूनही दिसले.

राजाने हैबतीला फरासखाना परत दिला. हैबती म्हणाला, “वीस गालिचे झाडून वाळवायचे आहेत, महाराज. एकट्याने होणार नाही. ठमाबाई मुख्य आणि मी हाताखाली.” तसे झाले. वीस गालिचे धर्मशाळांना गेले. सिंहासन जमिनीवर आले, आणि लोकांनी राजाचा चेहरा गेल्या दसऱ्यानंतर प्रथमच जवळून पाहिला. बरा होता. पुढे त्या राज्यात काही सांडले की आधी सांडणारा बोले, मग फडके येई, आणि ओले असतानाच डाग निघे. काळसूत एकदा येऊन सगळे पाहून गेला, चहापाण्याला थांबला नाही.

जसा त्या दरबाराचा गालिचा स्वच्छ झाला, तशा ऐकणाऱ्यांच्या बैठकी स्वच्छ राहोत. आणि उठताना आपापल्या बुडाखाली एकदा बघून घ्या. लाडवाचा चुरा कोणाचा, ते आम्ही विचारणार नाही.