बांधाचा वाटा

पूर्वी सुमेखल नगरात सुकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिमवंताच्या एका उंच कुरणात वनस्पतीची देवता होऊन राहत होते. राजाचा या कथेशी पुढे काही संबंध नाही. तो बिचारा त्या कुरणापर्यंत कधी चढूनही आला नाही.

बोधिसत्त्वांनी निदान देवदाराचा तरी जन्म घ्यायचा, असे कुणालाही वाटेल. पण त्या उंचीवर देवदार उगवत नाही, नुसते गवत आणि बारीकसारीक फुले. त्यातही त्यांच्याकडे आली ती शेजारच्या गवताच्या मुळात मूळ खुपसून रस पिणारी, वर्षभरात उगवून मरून जाणारी, गुलाबी फुलांची एक चिमुकली जात. कुरणात सगळे त्यांना ‘चोरटा’ म्हणत. तोंडावरच म्हणत. पाठीमागे बोलायची तिथे सोय नव्हती, कारण जागचे कुणालाच हलता येत नसे.

त्यांच्या शेजारी वर्तुला राही. उशीसारख्या गोल, दाट, जमिनीला चिकटून वाढणाऱ्या झुडपाची ती देवता. वयाने तरुण आणि स्वभावाने सदा धास्तावलेली. त्या माळावरचा वारा कोवळे रोप दिसले की उपटूनच पुढे जाई. वर्तुलेच्या दाट फांद्यांत मात्र ऊब राही, ओल टिके. म्हणून निळ्या फुलांच्या नीलिनीचे बी दर वर्षी तिच्याच मांडीत येऊन रुजे. नीलिनी उमले, बी उधळी, “बघशील ना गं ताई?” म्हणे आणि सुकून जमिनीखाली झोपी जाई.

वर्तुला बघत असे. बघता बघता तिचा जीव जाई. घट्ट धरले तर पोरे गुदमरतील, सैल सोडले तर उडतील. काल पाने पिवळी दिसली, ती खरेच पिवळी होती की ऊनच तसे होते? आपल्याला हे काम येत नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळले असेल का?

कळलेच नसेल तर कळावे, याची काळजी शिंबाक्का घेई. ती शेंगा धरणाऱ्या वेलीची देवता. तिच्या मुळांमुळे आसपासची माती सकस होई आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

“उपाशी ठेवलंस का गं त्यांना?”

“नाही हो अक्का, आत्ताच तर पाणी पाजलं.”

“मग अशी मरतुकडी का दिसतायत? जरा माझ्याकडे सरकव. चांगली माती काय असते ते कळू दे त्यांना.”

“सरकवू कशी? मी झुडूप आहे.”

“कारणं बरी सुचतात तुला,” शिंबाक्का म्हणे.

एका वर्षी बर्फ कमी पडले. झरा बारीक झाला आणि भांडणे वाढली. कुरणातला थोरला म्हणजे उंच, दांडग्या गवताचा देव दीर्घक. एके सकाळी तो सळसळत उभा राहिला.

“रोजची कटकट पुरे झाली. कुणीही कुणाच्या ओलीत पाय घालतो. आणि हा चोरटा तर अक्षरशः माझ्या मुळावर उठलाय!”

“अक्षरशः, दादा,” बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले. खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

“तेव्हा वाटणी करायची. मध्ये बांध घालायचे. ज्याचं त्याला.”

ज्याचे त्याला हे शब्द सगळ्यांनाच गोड लागले. दीर्घकाने रेघा आखल्या. झऱ्याकाठची काळी माती एका वाट्यात, शिंबाक्का बसली होती ती जमीन दुसऱ्यात, आणि ऐन वाऱ्याच्या तोंडावरचा मुरमाड उतार नीलिनीला. नीलिनी झोपली होती, त्यामुळे तिची हरकत नव्हती.

“आणि भाऊजी, माझ्या मांडीतली पोरं?” वर्तुलेने विचारले.

“तुझी कुठायत ती? नीलिनीची. ती नीलिनीच्या वाट्यात जातील. पश्चिमेच्या वाऱ्याला सांगून ठेवलंय मी, तो नेऊन पोचवील.”

पश्चिमेचा वारा उपटायला नेहमीच तयार असे. लावायचे त्याने कधी मनावर घेतले नव्हते.

“त्या उतारावर एक पान टिकायचं नाही हो!”

“मग त्यांच्या आईने जागं राहावं.”

“एवढं काय त्यात?” शिंबाक्का म्हणाली. “तुझी स्वतःची असती तर गोष्ट वेगळी.”

वर्तुलेने पोरे आवळून धरली. मग फार आवळली की काय, म्हणून जरा सैल सोडली. आपले नाही त्यासाठी भांडायचे कोणत्या तोंडाने, हे तिला सुचेना. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

“दादा, वाटे उचलायची आपल्याकडे रीत काय आहे?”

रीतीचे नाव काढताच दीर्घक ताठ झाला. “रीत कुणाला शिकवतोस? थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा.”

“मग धाकटं कोण?”

दीर्घकाने शिंबाक्काकडे पाहिले. ती बसल्या जागेचाच वाटा उचलणार, हे त्याने धरून ठेवले होते. पण कुरण मात्र बोधिसत्त्वांकडे बघू लागले. ते दर वर्षी मरत आणि दर वर्षी नव्याने उगवत. त्यामुळे काहीही झाले तरी धाकटे तेच. दीर्घकाची पाती शेंड्यापर्यंत फिकी पडली.

वर्तुलेच्या मनात क्षणभर आशा आली आणि गेली. हा आता काळी माती घेणार. का घेऊ नये? तिथे दीर्घकाची रसाने फुगलेली मुळे होती, चोराचे जन्मभराचे जेवण होते. त्याच्या जागी आपण असतो तर काय उचलले असते, याचे खरे उत्तर तिला स्वतःलाही देववेना.

“मला बांध द्या,” बोधिसत्त्व म्हणाले.

सारे कुरण खो खो हसले. “अरे वेड्या, बांधावर काय उगवतं?” शिंबाक्का म्हणाली.

“म्हणून तर तो दुसऱ्या कुणाला नको असेल.”

“दिला!” दीर्घक घाईघाईने ओरडला. “सगळे बांध दिले! सगळ्यांच्या देखत दिले!”

“उपकार झाले, दादा. बांध किती रुंद धरायचा?”

दीर्घक थबकला. बांध दोन्हीकडून कोरायचाच असतो, हे गृहीत धरून त्याने त्याची रुंदी मोजलीच नव्हती.

“तसं रीतीत काही नाही,” तो पुटपुटला.

“बरं. आणि वर्तुलाताई कुणाच्या वाट्यात येतात?”

“कुणाच्याच नाही. ती ऐन रेघेवर बसलीये. तिला वळसा घालून रेघ वाकडी करू की काय?”

“म्हणजे ताईंची मांडी बांधावर आली. बांध माझा. माझ्या वाट्यात कुणी राहायचं, ते मी सांगणार. पोरं आहेत तिथेच राहतील.”

वर्तुलेने विचारले, “आणि तू खाशील काय रे?”

“कडेकडेने मिळेल तेवढं,” ते म्हणाले.

तेवढेच मिळाले. त्या वर्षी त्यांना नेहमीच्या मंजिरीऐवजी एकच फूल आले, तेही उशिरा. पश्चिमेचा वारा आला, वर्तुलेच्या पाठीवर आपटला आणि रित्या हाताने गेला. ती रात्रंदिवस घाबरलेलीच होती, पण पोरे हलली नाहीत.

बोधिसत्त्वांनी कडेकडेने जिथे रस प्यायला तिथे गवत विरळ झाले. जमिनीवर ऊन पडले. बांध थोडा रुंद झाला आणि त्यावर शिंबाक्काच्या शेंगा येऊन रुजल्या. मग जागी झालेल्या नीलिनीचेही बी आले. पुढच्या वसंतात बांध आणखी रुंदावला, आणि हळूहळू कुरणभर बांधच झाला. काळ्या मातीत दीर्घक मात्र एकटाच इतका माजला, की त्याच्या स्वतःच्या बियांना उजेड मिळेना. त्या त्याच्याच बुडाशी कुजू लागल्या.

एके दिवशी तो खाकरला. “वर्तुले... म्हणजे, ताई. मांडीत जागा असेल तर आमचं एक पोर...”

वर्तुला गडबडली. “अहो, जागा आहे. पण ते उंच होईल ना हो? बाकीच्यांवर सावली पडेल, मला काही आवरता यायचं नाही.”

दीर्घकाने इकडे तिकडे पाहिले आणि पाती खाली घातली. “त्या चोरट्याला सांगा,” तो म्हणाला. “तो घेईल त्याच्यातलं थोडं थोडं.”

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, तेव्हाच्या आणि आताच्या जन्मांचा मेळ घातला. “त्या वेळचा दीर्घक म्हणजे, भिक्खूंनो, सभागृहात प्रत्येकाच्या आसनाभोवती रेघ मारा, असे आज सकाळी सुचवणारे आपले स्थविर तिष्यमित्र. शिंबाक्का म्हणजे पेजेत मीठ किती घालावे हे सर्वांना सांगणारी उपासिका सुजंबा. नीलिनी म्हणजे जिचे बाळ आज शेजारणीकडे आहे ती विणकरीण. वर्तुला म्हणजे ते बाळ मांडीवर घेऊन मागे दाराशी बसलेली, आणि ते रडले तर उठावे की बसावे या विचारात निम्मी कथा हुकलेली ही तरुण शेजारीण. आणि चोर मी होतो.”

ही मैत्रीची पारमिता होय.