सरकारांना फुटलेला तुरा

त्या राज्यात फाटायला बंदी होती.

विरलं तर चालायचं, विटलं तर चालायचं, डाग तर काय, सगळ्यांनाच होते. फाटायचं मात्र नाही. राज्यात माणसं नव्हतीच. नुसते कपडे, खळ लावून ताठ उभे, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. जोडे उंबऱ्याबाहेर. लुगडी, धोतरं, चोळ्या चौकात. अंगरखे पायऱ्यांवर. त्यांच्या वर केसांचा टोप, तो दिवाण. त्याच्याकडे स्वतःचा म्हणावा असा एक केस नव्हता, सगळे इकडून तिकडून गोळा केलेले, पण भांग असा पाडायचा की बघणाऱ्याला वाटावं, घराण्यातच आलाय. आणि सगळ्यांच्या वर, सज्जात, पगडीसरकार.

पगडी उंच होती. उंच म्हणजे किती, तर सज्जाचं छत दोनदा काढून वर न्यावं लागलं होतं. बरं, ती दरवर्षी वाढायची. बाकीचे सगळे धुण्याधुण्याला आटत होते आणि ही एकटी वाढत होती. लोकांना त्याचा काय तो अभिमान. स्वतःची बाही मनगटावरून कोपरावर आलेली असायची, तरी शेजाऱ्याला म्हणायचे, आमची पगडी बघ.

फाटलेल्यांना विसावागावी पाठवतात, असं टोप सांगायचा. तिथे ऊन कोवळं, आपटणं नाही, पिळणं नाही. फाटलेल्यांची गाडी परवान्यावर शिक्का मारायला महालात जायची आणि मागच्या दाराने रिकामी बाहेर पडायची. रिकामी का, हे मागच्या दाराशी बसलेल्या जोड्यांनी दोन-चार वेळा बोलून दाखवलं होतं. पण जोड्यांचं कोण ऐकतं.

आता फाटलेले शोधायचे कसे? तर वर्षातून एक जयजयकाराचा दिवस असायचा. पगडी सज्जात आली की सगळ्यांनी हात वर करायचे, पूर्ण, दोन्ही. बाह्या असतील त्यांनी बाह्या, पदर असेल त्यांनी पदर. कपडा पहिल्यांदा उसवतो कुठे, काखेत. हात खाली असले की कुणाच्या बापाला कळत नाही, वर केले की झालं. फाटलेले पकडायला नेमलेली सुई रांगांमधून फिरत असायची. हात वर केले नाहीत तर राजद्रोह, केले तर काख उघडी. प्रेम दाखवायचं आणि पकडलं जायचं, एकाच झटक्यात.

चौकात खणाची एक हिरवी चोळी राहायची, आणि तिची मोठी बहीण, लाल काठाची इरकल. दोघी एकाच मागावरच्या. गेल्या जयजयकाराला इरकलीने पदर वर केला आणि पदरातून पलीकडचं आभाळ दिसलं. सुईने जागेवर धरलं. गाडीत चढताना इरकल म्हणाली होती, पोचले की खुणेचा दोरा पाठवते. वर्ष होत आलं, दोरा आला नाही. इरकल शब्दाची पक्की. चोळीला रात्रंदिवस एकच, ताई आहे कुठे.

शेवटी ती टोपाकडे गेली. तो खुंटीवर बसून भांग पाडत होता.

"ताईचा दोरा आला नाही, टोपराव."

"सुखात आहे ती. सुखात असलेले कशाला दोरे पाठवत बसतील?"

"मला एकदा बघून येऊ द्या."

"तिथे जायला फाटावं लागतं, बाई. फाटलायत का कुठे?"

चोळीने उजवी बाही अंगाशी घट्ट दाबली. ती काख दोन महिन्यांपूर्वीच गेली होती.

"नाही," ती म्हणाली.

"मग कशाला घाई करताय," असं म्हणून त्याने फणी फिरवली. मूठभर केस खाली पडले. चोळी निघता निघता म्हणाली, "एवढं गळताय, टोपराव, तुम्हाला नाही कुणी विसावागावी पाठवत?" ती गेल्यावर टोपाने सुईला फक्त एवढंच लिहून पाठवलं, की यंदा खणाची चोळी पहिल्या रांगेत.

शेजारी एक उपरणं राहायचं, वयस्कर. त्याचाही काठ एका बाजूने उसवलेला, पण तो कायम मुठीत. जयजयकाराच्या सकाळी ते चोळीला समजावत होतं, की पोरी, डावाच हात वर कर, उजवा माझ्याआड लपव, एवढ्या गर्दीत कोण बघतंय. मग त्याला कळलं की तिची रांग पहिली आहे. ते तडक मागे सातव्या रांगेत जाऊन उभं राहिलं.

पगडी सज्जात आली. चौक दणाणला. सुई पहिल्याच रांगेशी थांबली होती, चोळीसमोरच. चोळीला लपवता आलं असतं, निदान धडपड करता आली असती. पण तिथे जायला फाटावं लागतं, हे तिने टोपाच्या तोंडून ऐकलं होतं. तिने दोन्ही हात वर केले, इतके ताणून की धड असलेली डावी काखही टरकली.

गाडीत तिच्यासोबत एक म्हातारा पंचा होता. तो खुशीत होता, आता कुणी पिळणार नाही म्हणून. गाडी महालात शिरली आणि शिक्क्याच्या खोलीत न थांबता पगडीच्या दालनात जाऊन उभी राहिली. तिथे पगडी पाटावर उलटी ठेवली होती. तिला खालून आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तळाला एक जाड शिवण होती आणि सुई तीच उसवत होती.

"लवकर आटपा," पगडी म्हणाली. "उलटं झालं की मला भोवळ येते."

पंचा घडी करून आत कोंबला. मग चोळी. टाके पडले आणि अंधार झाला. आत धोतरं होती, कुंच्या होत्या, शेले होते, वर्षानुवर्षांचे, एकमेकांवर दाबून दाबून लाकडासारखे झालेले. कुणीतरी तिच्या बाहीला काठ घासला.

"आलीस?" इरकल म्हणाली. "हात खाली घे, इथे जागा कमी आहे."

चोळी तिला बिलगली. दोरा का नाही पाठवलास, हे तिने विचारलंच नाही.

बाहेर बातमी फुटली की सरकार दोन बोटं वाढल्या. पेढे वाटले.

वर्ष गेलं. एक दिवस जाड कापडापलीकडून ओळखीचा आवाज आला, जयजयकाराचा. आत सगळ्यांची चुळबुळ झाली. इरकल हळूच म्हणाली, "आवाज ऐकला की हात शिवशिवतात गं अजून. इथे सगळे दरवर्षी दाबून धरतात."

"कशाला?"

"वर केले तर पगडी फाटेल."

"मग फाटू दे की."

"अगं, फाटायला बंदी आहे."

पुढची आरोळी आली आणि चोळीने दोन्ही हात वर केले.

बाहेर टर्र असा आवाज झाला. भर चौकासमोर पगडीच्या माथ्यातून एक हिरवी बाही बाहेर आली आणि वाऱ्यावर हलायला लागली. सगळा चौक गप्प. सुई सवयीने सज्जाकडे निघाली, चार पावलं गेली आणि अडखळली. सातव्या रांगेतल्या उपरण्याने ती बाही ओळखली. त्याने मुठीतला काठ आणखी घट्ट धरला.

टोप मात्र सज्जाच्या कठड्यावर चढला.

"बघा," तो ओरडला, "सरकारांना तुरा फुटला!"

चौकाने सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यात आधी उपरणं ओरडलं, मग सगळेच, आजवर ओरडले नव्हते इतक्या जोरात. आतल्यांनी तो आवाज ऐकला आणि या वेळी कुणीच हात दाबून धरले नाहीत. पगडीतून पंचा डोकावला. लोक म्हणाले, दुसरा तुरा. मग कुंच्या, मग शेले, दर आरोळीला एकेक. पगडी खचत होती आणि चौक हात वर करकरून घसा फोडत होता. सगळ्यात शेवटी इरकल निघाली, नऊ वार, आणि तिचा लाल काठ सज्जावरून सुटून थेट उंबऱ्याबाहेरच्या जोड्यांपर्यंत आला. वर सज्जात पगडीच्या जागी गुंडाळीतून सुटलेली एक पातळ पट्टी लोंबत होती. जयजयकार चालूच होता.