टाकी सरकेल, गोटू निघेल

बसलात का मांडी घालून? मग ऐका.

एक होती उंदरी. नाव तिचं इटुकली. तिला एकच पिल्लू. नाव त्याचं गोटू. गोटू आवळ्याएवढा, पण खोड्या भोपळ्याएवढ्या.

मायलेकरं राहायची दौलूमिस्त्रीच्या गॅरेजात, एका फाटक्या टायरमध्ये. एके दिवशी गॅरेजात गाडी आली. लाल लाल, बुटकी बुटकी. जुनी शर्यतीची गाडी. बसायला दोनच माणसं. तिची पेट्रोलची टाकी गंजली होती. टाकीला भोक पडलं होतं. टिप टिप, टिप टिप, पेट्रोल गळायचं.

दौलूमिस्त्रीने सगळं पेट्रोल काढून ठेवलं. चकचकीत नवी टाकी आणली. आता जुनी काढायची आणि नवी बसवायची. पण मध्येच आली खंडेनवमी.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा सण. पान्ह्याला आंघोळ. हातोडीला आंघोळ. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. हत्यारं पाटावर बसली. आज त्यांना सुट्टी. आज त्यांना कुणी हात लावायचा नाही. मग काय, टाकी राहिली तशीच आणि गाडीची डिकी राहिली उघडी.

उघडं दिसलं की गोटू घुसलाच. टुणकन डिकीत गेला. टाकीच्या मागे डोकावला. पाय सटकला. सर्रर्र... गोटू गेला खाली, पार तळाशी.

"चीं चीं! चीं चीं!"

इटुकली धावली. तुरुतुरु, तुरुतुरु. फटीत नाक घातलं, नाक गेलं. डोकं घातलं, डोकं अडलं. शेपटी सोडली, शेपटी पुरेना. एकुलतं एक पिल्लू, आणि ते टाकीच्या मागे.

ती टाकीला म्हणाली,
"टाकी टाकी, सरक.
टाकी सरकेल, गोटू निघेल.
गोटू माझा, माझा मला."

टाकी म्हणाली, "मी नाही सरकत. पट्ट्याने मला आवळलंय. पट्टा सुटेल, तर मी सरकेन."

टाकीवर होता लोखंडी पट्टा. इटुकली त्याच्यावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पट्ट्या पट्ट्या, सूट.
पट्टा सुटेल, टाकी सरकेल.
टाकी सरकेल, गोटू निघेल.
गोटू माझा, माझा मला."

पट्टा म्हणाला, "मी नाही सुटत. बोल्टाने मला दाबलंय. बोल्ट फिरेल, तर मी सुटेन."

पट्ट्याच्या टोकाला होता बोल्ट. गंजून लाल झालेला, तोंड वाकडं केलेला. इटुकली त्याच्याकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोल्टा बोल्टा, फिर.
बोल्ट फिरेल, पट्टा सुटेल.
पट्टा सुटेल, टाकी सरकेल.
टाकी सरकेल, गोटू निघेल.
गोटू माझा, माझा मला."

बोल्ट म्हणाला, "मी नाही फिरत. मला फिरवतो पान्हा. पान्हा चालेल, तर मी फिरेन."

आतून आवाज आला, "चीं चीं." इटुकली म्हणाली, "आले रे राजा, आत्ता आले." आणि पळत सुटली पान्ह्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

पान्हा पाटावर बसला होता. कपाळाला कुंकू, डोक्यावर झेंडू. वर्षभर तेलात माखणारा पान्हा, आज त्याचा तोरा काय विचारता.

"पान्ह्या पान्ह्या, चल.
पान्हा चालेल, बोल्ट फिरेल.
बोल्ट फिरेल, पट्टा सुटेल.
पट्टा सुटेल, टाकी सरकेल.
टाकी सरकेल, गोटू निघेल.
गोटू माझा, माझा मला."

पान्हा म्हणाला, "मी नाही चालत. आज माझी पूजा आहे. पूजा हलेल, तर मी चालेन."

पूजा कोण हलवणार? दौलूमिस्त्री. दौलूमिस्त्री कुठे? बाकावर आडवा. नवा सदरा घालून, पोटावर हात ठेवून, डोळे मिटून. इटुकली बाकावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. मिस्त्रीच्या कानाशी गेली.

"मिस्त्री मिस्त्री, पूजा हलवा.
पूजा हलेल, पान्हा चालेल.
पान्हा चालेल, बोल्ट फिरेल.
बोल्ट फिरेल, पट्टा सुटेल.
पट्टा सुटेल, टाकी सरकेल.
टाकी सरकेल, गोटू निघेल.
गोटू माझा, माझा मला."

मिस्त्रीने एक डोळा उघडला. म्हणाला, "आज न्हाई गं बाई. अक्षता टाकल्याबिगर पूजा हलवत न्हाईत. शालन अक्षता देईल, तर मी हलवीन." आणि डोळा मिटला.

"चीं..." या वेळी आवाज अगदी बारीक आला. इटुकलीने ऐकला. आई ती, थांबते कशाला? गॅरेजच्या मागे घर, घरात स्वयंपाकघर, तिथे मिस्त्रीची बायको, शालनकाकी. इटुकली उंबरा चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

काकी पुऱ्या तळत होती. चर्रर्र, चर्रर्र. इटुकलीला धाप लागली होती, तरी तिने सगळं सांगितलं.

"काकी काकी, अक्षता दे.
अक्षता मिळतील, पूजा हलेल.
पूजा हलेल, पान्हा चालेल.
पान्हा चालेल, बोल्ट फिरेल.
बोल्ट फिरेल, पट्टा सुटेल.
पट्टा सुटेल, टाकी सरकेल.
टाकी सरकेल, गोटू निघेल.
गोटू माझा, माझा मला."

आता काकी काय म्हणणार? "मी नाही देत" म्हणणार? इटुकलीने डोळे घट्ट मिटून घेतले.

काकीने झारा खाली ठेवला. विचारलं, "केवढा गं तुझा गोटू?"

इटुकलीने दोन पाय पसरून दाखवलं. "एवढासा."

"मग उभी का? चल की."

काकीने गॅस बंद केला. देवघरातून मूठभर अक्षता घेतल्या. एवढ्या सगळ्यांमध्ये ही पहिली, जी नाही म्हणाली नाही. इटुकलीला रडूच आलं.

काकी तरातरा गॅरेजात आली. मिस्त्री उठून बसला. आज नवमी आहे, आज हत्याराला हात लावत नाहीत, असं काहीतरी पुटपुटला.

काकी म्हणाली, "हत्यार पुजायचं कशाला? अडल्या वेळी कामाला यावं म्हणूनच की. तिचं लेकरू अडकलंय."

मिस्त्रीला ते पटलं. त्याने बाह्या वर केल्या.

काकीने अक्षता दिल्या.
अक्षता मिळाल्या, पूजा हलली.
पूजा हलली, पान्हा चालला.
पान्हा चालला, बोल्ट...

बोल्ट फिरेना. मिस्त्रीने जोर लावला. खट्ट. पुन्हा जोर लावला. खट्ट. गंज भारीच होता.

"गोटू?" इटुकलीने हाक मारली.

आतून चीं नाही, चूं नाही. पुन्हा हाक मारली. काहीच नाही. इटुकलीचा जीव टांगणीला लागला.

मिस्त्रीने बोल्टावर तेल सोडलं. एक थेंब. दोन थेंब. जरा थांबला. मग पान्हा लावला आणि हळूच ओढला. कर... कर्र... करकर, करकर!

बोल्ट फिरला.
बोल्ट फिरला, पट्टा सुटला.
पट्टा सुटला, टाकी सरकली.

मिस्त्रीने जुनी टाकी दोन्ही हातांनी उचलली आणि बाहेर ठेवली. धप्प. सगळे वाकले. सगळ्यांनी आत पाहिलं.

होता का गोटू? होता. कोपऱ्यात होता. नाकावर कोळ्याचं जाळं, शेपटी पोटाशी, आणि चक्क झोपलेला. घुर्र, घुर्र. रडून रडून दमला आणि तिथेच झोपला.

इटुकलीचा जीव भांड्यात पडला. काकीचाही पडला. मिस्त्रीने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि तेल उडालं म्हणाला. उडालंही असेल, कोण जाणे.

इटुकलीने गोटूला अलगद तोंडात धरलं आणि टायरमध्ये नेलं. त्याचं नाक पुसलं, कान पुसले, चारही पाय मोजले. चारच्या चार होते.

मिस्त्री म्हणाला, पूजा हलवलीच आहे, तर काम पुरं करू. नवी टाकी आत बसली. पट्टा आवळला. बोल्ट पिळला. काकीने नव्या टाकीला कुंकू लावलं. मग पेट्रोल ओतलं. गुडगुड, गुडगुड. एक थेंब गळला नाही. मिस्त्रीने चावी फिरवली.

भुर्रर्र! लाल गाडी जागी झाली.

आणि टायरमध्ये गोटू जागा झाला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आईने त्याला दिला एक हलकासा धपाटा. मग घेतले पापे. एक, दोन, तीन, मोजता येणार नाहीत एवढे. गोटूने अंग ताणलं, मोठी जांभई दिली आणि म्हणाला,

"आई, भूक लागली."

काकीने गरम पुरी आणली. आधी फुंकली, मग दिली. मायलेकरांनी एकाच पुरीला दोन्हीकडून दात लावले.

कुरुम कुरुम पुरी संपली,
टायरमध्ये जोडी झोपली.
गाडीत बसली नवी टाकी,
गोष्ट आता नाही बाकी.